धान्यापासून बिअर : घरगुती किण्वनाची ओळख

छत्तीसगड राज्याच्या दुर्ग जिल्ह्यात भिलाई नावाचे पोलादनगर आहे. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली झालेल्या करारान्वये तेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ह्या नगरातील खुर्सीपार ही दाट वस्तीची जागा. कारखान्यामुळे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे भिलाईत आली आणि येताना आपापल्या स्वयंपाकघरातील रीतीही घेऊन आली. अशा वस्तीत उन्हाळ्याच्या रात्री एका घरी इडलीचे पीठ फुगत असते, तर शेजारच्या घरी रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळसाठी ‘बासी’ ठेवलेली असते. छत्तीसगडातील श्रमिकांचे हे जुने अन्न. २०२२ सालच्या १ मे रोजी, कामगार दिनी, राज्य शासनाच्या आवाहनावरून ते समारंभपूर्वक खाल्ले गेले.

इडलीचे पीठ फुगते, बासीला आंबूस चव येते, ह्यात कोणास नवल वाटत नाही. परंतु ही सर्व कामे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची आहेत. धान्यापासून बिअर होते तीही अशाच जीवांच्या उद्योगाने. झोतभट्टीत खनिजापासून लोखंड वेगळे करण्यास पंधराशे अंशांच्या आसपासची उष्णता लागते. मडक्यातील सूक्ष्म जीव मात्र साखरेच्या रेणूची मोडतोड वीस-तीस अंशांवर, अगदी शांतपणे पार पाडतात. जगात अनेक देशांत बिअर घरी तयार करणे हा सुशिक्षित गृहस्थांचा छंद झालेला आहे. त्या छंदामागील विज्ञान कोणते आणि तेच विज्ञान आपल्या देशातील मडक्यांत किती काळापासून नांदत आहे, ह्याचा परिचय पुढे करून दिला आहे.

मोकळी साखर आणि बंदिस्त साखर

मद्यार्क तयार करणारा मुख्य जीव म्हणजे यीस्ट. ही एकपेशीय बुरशी होय. साखर हे तिचे अन्न. हवा पुरेशी नसली म्हणजे ती साखरेचे विघटन करून स्वतःपुरती ऊर्जा मिळवते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड हे दोन पदार्थ मागे टाकते. ह्या क्रियेस किण्वन म्हणतात.

ताडाचा किंवा माडाचा ताजा रस गोड असतो. बस्तरात ‘सल्फी’ ह्या झाडाचा रस काढतात, तोही गोड असतो. मोहाच्या फुलांत तर साखर भरपूर असते. अशा ठिकाणी यीस्टला जेवण आयते वाढून ठेवलेले असते. रस झाडावरून उतरवताच काही तासांत फसफसू लागतो, त्याचे कारण हेच.

धान्याची गोष्ट निराळी आहे. तांदूळ, मका किंवा बार्ली ह्यांच्या दाण्यातही साखर आहे; परंतु ती मोकळी नाही. ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू साखळीसारखे एकमेकांस जोडून वनस्पतीने त्यांचा स्टार्च बनवलेला असतो. पुढच्या रोपासाठी केलेला हा साठा होय. यीस्टला ही साखळी तोडता येत नाही. शिजवलेल्या भाताच्या भांड्यात नुसते यीस्ट टाकले, तर भोवती अन्नाचे ढीग असूनही ते उपाशीच राहते. म्हणून धान्यापासून बिअर करण्याचा खरा प्रश्न मद्यार्काचा नसून त्याच्या आधीचा आहे. स्टार्चचे कुलूप कोणी उघडायचे, हा तो प्रश्न.

कुलूप उघडण्याच्या तीन रीती

मानवजातीने ह्या प्रश्नाची तीन उत्तरे शोधून काढली.

पहिले उत्तर दाण्यापाशीच आहे. दाणा भिजवला की त्यातील अंकुर जागा होतो आणि साठ्याची साखळी तोडण्यासाठी काही विशेष द्रव्ये निर्माण करू लागतो. ह्या द्रव्यांस विकरे किंवा एन्झाइमे म्हणतात. महाराष्ट्रात लहान मुलांसाठी नाचणीला मोड आणून, ती वाळवून दळतात व तिचे सत्त्व करतात. मोडाच्या नाचणीची लापशी साध्या नाचणीच्या लापशीपेक्षा पातळ व किंचित गोड होते, हे घरोघरच्या आज्यांना ठाऊक असते. विकरांनी स्टार्चच्या साखळ्या तोडल्याचीच ती खूण होय. पायेन आणि पर्सोझ ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ साली मोडाच्या बार्लीतून हे द्रव्य वेगळे काढले व त्यास ‘डायास्टेज’ असे नाव दिले. प्रयोगशाळेत वेगळे केलेले हे पहिले विकर होय.

दुसरे उत्तर बुरशीचे. काही बुरश्या धान्यावर वाढताना स्वतःच विकरे स्रवतात. जपानात भातावर वाढवलेली ‘कोजी’ बुरशी ह्याच कामासाठी वापरतात. ताकामिने जोकिची ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली अशा बुरशीतील विकर वेगळे करण्याच्या कृतीचे अमेरिकेत पेटंट घेतले आणि ते विकर पुढे पचनाचे औषध म्हणून विकले गेले.

तिसरे उत्तर माणसाच्या तोंडात आहे. लाळेतही स्टार्च तोडणारे विकर असते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की तो गोड लागतो, तो ह्यामुळे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात मका चावून त्यापासून ‘चिचा’ नावाचे पेय करण्याची जुनी रीत होती.

छत्तीसगडातील मडकी

ह्यांपैकी पहिल्या दोन्ही रीती एकट्या छत्तीसगडात पाहावयास मिळतात, ही विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

भिलाईच्या दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटरवर बस्तरचा प्रदेश लागतो. तेथील आदिवासी समाजात तांदळापासून ‘लांदा’ नावाचे पेय करतात. भिजवलेल्या तांदळाचे पीठ करून ते वाफेवर शिजवतात. शिजवल्याने स्टार्चचे घट्ट कण फुगून सैल होतात व विकरांना त्यांत शिरकाव मिळतो. पीठ निवले की ते पाण्यासह मडक्यात घालतात आणि त्यात मक्याचे पीठ मिसळतात. मात्र हा मका साधा नसतो. त्याला आधी मोड आणून, मग वाळवून दळलेले असते. तांदळाचे कुलूप मक्याच्या किल्लीने उघडावे, अशी ही युक्ती आहे. काही दिवसांत मडक्यातील मिश्रण फसफसते आणि आंबट-गोड चवीचे, सौम्य पेय तयार होते. आठवडे बाजारांत ते विकले जाते, तसेच लग्नकार्यात व सणांत पाहुण्यांपुढे ठेवले जाते.

राज्याच्या ईशान्येस, जशपूरकडे आणि त्यापलीकडे झारखंड व ओडिशात ‘हंडिया’ करतात. येथे मोडाचे धान्य नसते. भात शिजवून, निववून त्यात ‘रानू’ किंवा ‘बाखर’ ह्या नावाच्या लहान पांढरट गोळ्या कुस्करून मिसळतात. तांदळाच्या पिठात रानातील मुळ्या व साली कुटून ह्या गोळ्या केलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यांत एक लहानसा समाजच वसलेला दिसतो : स्टार्च तोडणाऱ्या बुरश्या, मद्यार्क करणारे यीस्ट आणि आंबटपणा आणणारे दुग्धाम्लाचे जीवाणू. गोळी वाळलेली असली, तरी हे जीव मेलेले नसतात. ओल मिळताच ते कामास लागतात. ज्यांनी सूक्ष्मदर्शक कधी पाहिला नाही अशा स्त्रियांनी हे जीव पिढ्यान्‌पिढ्या निवडले, टिकवले आणि मुलीसुनांच्या हाती सोपवले. ह्या कौशल्याची योग्यता वैज्ञानिकाने कमी लेखू नये.

घरगुती बिअरची कृती

युरोपात बिअरसाठी बार्लीची निवड झाली. छंद म्हणून बिअर करणारा मनुष्य बहुधा मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, तयारच आणतो. तिचा जाडसर भरडा करून तो गरम पाण्यात सुमारे तासभर ठेवतात. ह्या पाण्याचे तापमान ६२ ते ७० अंशांच्या दरम्यान राखणे हे ह्या कृतीचे मर्म होय. बार्लीत स्टार्च तोडणारी दोन प्रमुख विकरे असतात. एक ६० ते ६५ अंशांवर अधिक काम करते व साखळीच्या टोकाकडून लहान शर्करा तोडून काढते. दुसरे ७० अंशांच्या सुमारास जोमात असते व साखळी मध्येच कोठेही तोडते. तापमान खालच्या बाजूस ठेवले, तर यीस्टला पचणारी साखर अधिक मिळून बिअर रुक्ष होते. वरच्या बाजूस ठेवले, तर न पचणारे तुकडे उरून ती दाट लागते. ८० अंशांपुढे मात्र विकरे निकामी होतात.

हा गोड काढा गाळून घेऊन तो हॉप नावाच्या वेलीच्या शंकूसारख्या फुलांबरोबर तासभर उकळतात. ही वेल थंड हवेत होते. आपल्याकडे हिमाचल प्रदेशातील लाहौल भागात तिची लागवड झालेली आहे. हॉपमुळे बिअरला कडवट चव येते. शिवाय त्यातील द्रव्ये दुग्धाम्लाच्या जीवाणूंना वाढू देत नाहीत. लांदा आंबट लागतो व फार दिवस टिकत नाही, आणि बिअर कडू लागते व महिनोन्‌महिने टिकते, ह्या भेदाचे एक मुख्य कारण हॉप हे आहे.

काढा झटपट निववून त्यात यीस्ट सोडतात. भांड्यास झाकण असते, परंतु वायू बाहेर पडावा व बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून त्यास पाण्याचा अडसर असलेली नळी जोडतात. आठवडा-दोन आठवड्यांत बुडबुडे थांबतात. किण्वन पुरे झाले किंवा नाही हे मात्र नजरेने ठरवीत नाहीत. त्यासाठी हायड्रोमीटरने द्रवाची घनता मोजतात. साखर असताना घनता पाण्याच्या १.०५० पट असेल आणि ती शेवटी १.०१० पटींवर येऊन स्थिर झाली, तर मद्यार्काचे प्रमाण सुमारे पाच टक्के झाले असे समजावे.

लांदा आणि बिअर ह्यांच्या कृतींत एक मोठा फरक आहे. बिअरमध्ये स्टार्च आधी तोडला जातो, मग यीस्ट येते. मडक्यात मात्र दोन्ही कामे एकाच वेळी, शेजारी शेजारी चालतात. विकरांनी साखर मोकळी करावी आणि यीस्टने ती लगेच खावी, असा तेथे क्रम असतो.

काम करणारा कोण?

आन्तोनी व्हान लेव्हनहूक ह्याने १६८० साली बिअरमधील यीस्टचे गोलसर कण आपल्या भिंगातून पाहिले. परंतु ते सजीव आहेत हे त्यास कळले नाही. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत श्वान व क्युटझिंग ह्यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, हे कण सजीव असून ते अंकुर फुटून वाढतात. लीबिगसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाने ह्या मताची थट्टा केली. पुढे लुई पाश्चरने प्रयोगांनी सजीवांचा पक्ष बळकट केला आणि बिअर का नासते ह्याचा शोध घेऊन १८७६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बिअर नासते ती परक्या जीवाणूंनी, हा त्याचा निष्कर्ष होता.

डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन ह्याने १८८३ साली यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवून दाखवले. हे वाण गुपित न ठेवता इतरांसही दिले गेले. शेवटी १८९७ साली एडुआर्ड बुखनर ह्याने यीस्टच्या पेशी दळून त्यांचा रस काढला व त्या रसातही साखरेचे किण्वन होते हे सिद्ध केले. जिवंत पेशीचे कार्यसुद्धा विकरांमार्फत, रसायनशास्त्राच्या नियमांनीच चालते, हे त्यावरून कळून आले. पाश्चर आणि लीबिग ह्या दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा काही अंश होता, असे ह्या वादाचे फलित निघाले.

उष्ण देशातील अडचण

बिअरच्या प्रचलित जातींपैकी ‘एल’ ही १८ ते २२ अंशांवर आणि ‘लागर’ ही ८ ते १३ अंशांवर आंबवतात. भिलाईत मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या सहज वर जाते. शिवाय किण्वनात स्वतःचीही उष्णता निर्माण होत असते. फार उष्णतेत यीस्ट घाईने काम करते व उग्र वासाची जड मद्यार्के मागे सोडते. जीवाणूंनाही जोर चढतो. थंड देशात वाढलेली कृती येथे जशीच्या तशी उतरत नाही, ती ह्यामुळे. उलट रानूतील अगर बस्तरच्या मडक्यातील जीव ह्याच हवेत निवडले गेलेले आहेत. आंबटपणा हा त्या पेयाचा दोष नव्हे. त्या आंबटपणामुळे अपाय करणाऱ्या अनेक जीवाणूंना तेथे थारा मिळत नाही.

युरोपातही उन्हाळ्यात लागर करणे कठीण असे. ही अडचण दूर करण्यासाठी जर्मन अभियंता कार्ल फोन लिंडे ह्याने १८७० नंतरच्या दशकात बिअरच्या कारखान्यांकरिता शीतकरणाची यंत्रे तयार केली. त्याच अभ्यासातून पुढे १८९५ साली त्याने हवेचे द्रवीकरण केले व त्यानंतर हवेतून ऑक्सिजन वेगळा काढण्याची रीत बसवली. आज भिलाईसारख्या पोलादाच्या कारखान्यांत वितळलेल्या लोखंडातील कार्बन जाळण्यास ऑक्सिजन लागतो, तो ह्याच तत्त्वाने मिळवलेला असतो. बिअर थंड ठेवण्याच्या खटपटीतून पोलाद शुद्ध करण्याचे साधन हाती यावे, असा हा विज्ञानाचा प्रवास आहे.

अपाय कोठे होतो?

ह्या विषयात दोन गैरसमज रूढ आहेत. घरची प्रत्येक वस्तू निर्दोष असते, हा एक, आणि घरी केलेले प्रत्येक पेय विषारी असते, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत.

किण्वन आणि ऊर्ध्वपातन ह्या भिन्न क्रिया आहेत. लांदा, हंडिया व बिअर ही केवळ आंबवलेली पेये होत. मोहाची दारू मात्र आंबवलेल्या रसाची वाफ करून, ती निववून काढतात. त्यामुळे तिच्यात मद्यार्काचे प्रमाण पुष्कळ वाढते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाड-मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा दुर्घटनांत घात करतो तो बहुधा मिथेनॉल, म्हणजे कारखान्यांत वापरला जाणारा एक वेगळाच मद्यार्क. लोभापायी तो दारूत मिसळला जातो. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते व त्याने प्रथम दृष्टी आणि मग प्राण जातो. धान्याच्या साध्या किण्वनात मिथेनॉल नगण्य असतो. म्हणून ‘हातभट्टी’ ह्या एका शब्दाखाली सर्वच पेये कोंबणे शास्त्रशुद्ध नाही.

तथापि घरगुती बिअरलाही तिचे धोके आहेत. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, आणि एवढा वायू खोलीच्या तापमानास सुमारे ४९ लिटर जागा व्यापतो. किण्वन अपुरे असताना बाटलीस घट्ट बूच मारले, तर बाटली फुटून काचा उडतात. त्याहून मोठी गोष्ट मद्यार्काची. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली मद्ययुक्त पेयांचा समावेश कर्करोगास निश्चित कारणीभूत होणाऱ्या पदार्थांत केला. पेय घरचे असो वा कारखान्यातील, यकृतास तो भेद कळत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावयास हवी. ब्रिटनने १९६३ साली घरगुती बिअर परवान्यावाचून करण्यास मोकळीक दिली. अमेरिकेने १९७८ साली तसा कायदा केला. भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असून परवान्यावाचून मद्य तयार करणे सामान्यतः गुन्हा आहे. छत्तीसगडात अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना त्यांच्या परंपरेनुसार, घरच्या वापरापुरती व ठराविक मर्यादेपर्यंत सवलत दिलेली आहे. खुर्सीपारमधील इतर कोणी छंद म्हणून बिअर करू म्हणेल, तर त्यास ती सवलत लागू नाही.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

ह्या सर्व विवेचनातील तत्त्व बिअर न करताही पडताळून पाहता येते. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठ थोडा वेळ पाण्यात भिजवून, ते पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. तांदळाची पातळ पेज कोमट करून दोन पेल्यांत घ्यावी. एका पेल्यात हे पाणी तसेच घालावे. दुसऱ्यात तेच पाणी खळखळ उकळून व निववून घालावे. अर्ध्या तासाने दोहोंतील थोडा थोडा द्रव वेगळा काढून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. उकळलेल्या पाण्याच्या पेल्यात गडद निळा रंग येईल, म्हणजे स्टार्च तेथे शाबूत आहे. पहिल्यात निळेपणा कमी झालेला दिसेल. उकळल्याने विकर मेले आणि कुलूप बंदच राहिले, असा त्याचा अर्थ.

पेल्यांतील उरलेली पेज दोन बाटल्यांत भरून प्रत्येकीत चमचाभर पावाचे यीस्ट घालावे व तोंडाशी फुगे बांधावेत. पहिल्या पेल्यातील पेजेच्या बाटलीवरील फुगा काही वेळाने फुगू लागेल. दुसरा नावालाच फुगेल. फुग्यातील वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडल्यास निवळी दुधाळ होते. तो वायू कार्बन डायऑक्साइड आहे ह्याची ती खूण. प्रयोग आटोपताच बाटल्या रिकाम्या करून धुवाव्यात. त्यातील काहीही चाखू नये.

दोन फुग्यांतील हा फरक म्हणजेच धान्याच्या किण्वनाचे सारे रहस्य होय. बस्तरमधील मोडाच्या मक्याचे पीठ, जशपूरमधील रानूची गोळी आणि युरोपातील माल्ट ह्यांनी एकाच प्रश्नाची उत्तरे दिली आहेत. प्रयोगशाळेला विकर हा शब्द ठाऊक होण्यापूर्वी ती उत्तरे घराघरांतून तयार होती. प्रयोगशाळेने त्यांचे कारण सांगितले. परंपरेचे ज्ञान आणि प्रयोगाचे ज्ञान एकत्र आणून पाहण्याची सवय लागली, तर घरातील साधे मडकेही विज्ञानाचा पाठ देऊ शकते.